वाघ, भोपळा आणि सिनसिनाटीतलं हॅलोविन

ऑक्टोबर लागला की भारतातल्या फोनवर एक प्रश्न हमखास येतो: "तिकडे ते भुताखेतांचं असतं ना, पोरगं घाबरत नाही का?" घाबरतं की. हॅलोविन जवळ आलं की इथे अमेरिकेत आमच्या कॉलनीत कुणाच्या हिरवळीतून हाडकुळा हात वर आलेला असतो, कुणाच्या दारात सेन्सरवाली चेटकीण उभी असते आणि जवळून गेलं की किंचाळते. थोरल्या पोरांना तेच हवं असतं. चार वर्षांचं लेकरू मात्र रात्री आपल्या पांघरुणात शिरतं आणि पुढचा आठवडाभर तिथून हलत नाही.

या वयाच्या मुलांसाठी इथल्या झूंनी छान सोय करून ठेवली आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये 'बू अ‍ॅट द झू' असतं, आमच्या सिनसिनाटीत त्याचं नाव 'हॉलझूवीन'. ऑक्टोबरातले शनिवार-रविवार, भर दिवसा. मुलं सोंगं घेऊन येतात, वाटेवर ठिकठिकाणी टेबलं मांडलेली असतात, तिथे पिशवी पुढे केली की गोळी-चॉकलेट पडतं. पिशवी घरूनच न्यायची. झूच्या तिकिटात किंवा वर्षाच्या मेंबरशिपमध्ये हे सगळं येतं, वेगळे पैसे नाहीत. वॉशिंग्टनला उलटं आहे, एरवी झू फुकट आणि या कार्यक्रमाला मात्र तिकीट.

कपड्यांचं आधी सांगते. आपल्याकडच्या गॅदरिंगमधल्या फॅन्सी ड्रेसची सवय असलेल्या आयांनी लक्षात ठेवावं की ओहायोत ऑक्टोबरअखेर बोचरा वारा असतो. सोंग एक नंबर मोठं घ्या, म्हणजे आत थर्मल आणि स्वेटर मावतात. नाहीतर हौसेने घेतलेल्या सोंगावर जॅकेट चढतं आणि फोटोत सगळी पोरं सारखीच दिसतात. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सप्टेंबरपासूनच सोंगांची देवाणघेवाण सुरू होते. लेकाला मिळालेला वाघ त्याआधी निदान तीन घरं फिरून आला होता, शेपटीला दोन रंगांचे दोरे होते. मुखवटे शक्यतो टाळा. पोरांना त्यातून नीट दिसत नाही आणि मोठ्यांना बऱ्याच झूंमध्ये मुखवटा घालू देत नाहीत.

गोळ्यांबद्दल शाकाहारी घरांना एक सूचना. मार्शमेलो, गमी बेअर, कँडी कॉर्न, इथलं स्टारबर्स्ट, या सगळ्यांत जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ. वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. कुठे हिरवट-निळा रंगवलेला भोपळा दिसला तर तिथे खाऊऐवजी स्टिकर, पेन्सिल असलं काहीतरी मिळतं. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी ही खूण २०१४पासून देशभर पसरली. आम्हाला अ‍ॅलर्जी नाही, तरी मी त्या टेबलाकडे मुद्दाम वळते.

पण खरं सांगू? आत शिरून थोडा वेळ झाला की पोरं खाऊ विसरतात, कारण त्या दिवसांत भोपळे प्राण्यांनाही मिळतात. पिंजऱ्यातल्या प्राण्याला कंटाळा येऊ नये म्हणून त्याला हुंगायला, फोडायला, शोधायला काहीतरी नवं द्यायचं, याला इथले कीपर एन्रिचमेंट म्हणतात. पाणघोडा जबडा उघडून उभा राहतो, अख्खा भोपळा आत जातो आणि कलिंगड आपटल्यासारखा आवाज येतो. हे बघायला गर्दी लोटते, त्यातून फिओना नावाची पाणघोडी इथली लाडकी. २०१७च्या जानेवारीत ती सहा आठवडे आधी जन्मली तेव्हा जेमतेम १३ किलोची होती, कीपरांनी बाटलीने दूध पाजून वाढवली. आता तिच्याकडे बघून कुणाला खरं वाटणार नाही.

हत्तींचा थाट वेगळा. भोपळ्यावर पाय ठेवायचा, हलकेच भार द्यायचा, फुटला की सोंडेने एकेक फोड उचलायची. २०२३ मध्ये आयर्लंडमधल्या डब्लिनच्या झूमधून इथे चार आशियाई हत्ती आले. त्यांची नावं वाचून सासूबाई पाटीपाशी थबकल्याच: संजय, कबीर, आशा आणि अनक. "म्हणजे आपलेच की," असं म्हणून त्यांनी संजयला मराठीतून दोन शब्द सुनावले. हॅलोविन मूळचं आयर्लंडचं, तिथे लोक दिवा लावायला सलगम कोरायचे आणि अमेरिकेत आल्यावर भोपळा हाताशी लागला. त्या हिशेबाने सण आणि हत्ती एकाच गावचे.

वाघाच्या कुंपणापाशी आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो. वाघ भोपळा खात नाही. आधी गाल घासतो, मग पंजाने ढकलतो, भोपळा घरंगळला की दचकून मागे होतो आणि परत येतो. लेक काचेला नाक लावून बघत होता. मध्येच वळून म्हणाला, "आजी, म्हातारी आत आहे?" आजूबाजूच्या कुणाला काही कळण्याचा प्रश्न नव्हता. लेकीकडे निघालेल्या म्हातारीची गोष्ट रोज रात्री आजीकडून ऐकणाऱ्या पोराला वाघासमोर भोपळा दिसल्यावर दुसरं काय सुचणार! सासूबाईंनी तिथेच गोष्ट सुरू केली. 'टुणूक टुणूक' आलं तेव्हा वाघाने नेमका भोपळ्याला पंजा मारला, तर शेजारी उभी असलेली स्पायडरमॅन आणि मधमाशी झालेली दोन अमेरिकन पोरंही खदखदून हसली. लहानग्यांना भीती दाखवायची तर इतपतच दाखवावी, वाघ समोर हवा आणि म्हातारी शहाणी हवी.

या झूमध्ये एक जागा खरोखर अंगावर काटा आणते, पण ती हॅलोविनच्या नकाशात बघायला जाल तर चुकेल. पॅगोडाच्या छपराची एक छोटी इमारत आहे, पूर्वी तिथे पक्षी ठेवत. पॅसेंजर पिजन नावाचं कबूतर एकेकाळी अमेरिकेत ३०० ते ५०० कोटींच्या घरात होतं असा अंदाज आहे. तारायंत्रामुळे थवे कुठे उतरलेत ते शिकाऱ्यांना कळू लागलं, रेल्वेमुळे मारलेली कबुतरं शहरांच्या बाजारात पोचू लागली, आणि काही दशकांत सगळं संपलं. शेवटची मार्था १ सप्टेंबर १९१४ रोजी याच झूमध्ये मेली. तिला बर्फाच्या लादीत गोठवून रेल्वेने वॉशिंग्टनला पाठवलं. कॅरोलिना पोपटांपैकी शेवटचा समजला जाणारा इन्कासही १९१८ मध्ये इथेच गेला. सासूबाईंना मी हे सांगितलं, शिवाय १ आणि २ नोव्हेंबरला इथे संतांची आणि मृतांची आठवण करतात, हॅलोविन त्याच्या आदली रात्र, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग पान वाढलं तरी शिवायला येणार कोण?" आणि बाकापाशी जाऊन बसल्या. लेकाला यातलं काही सांगितलं नाही. त्याला आगगाडीत बसायचं होतं.

जायचं ठरवलंत तर तिकीट आधी ऑनलाइन काढा, दारात महाग पडतं. शेवटचा शनिवार-रविवार टाळा. बाबागाडी न्याच, पोर चालणारं असलं तरी. परतताना तीत सोंगाची शेपटी, स्वेटर आणि खाऊची पिशवी बसते. २०२४ साली तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच आली होती. पहाटे अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी दारोदार खाऊ मागायचं ट्रिक ऑर ट्रीट, अशी घराघरांत तारांबळ. झूचं आधीच्या शनिवारी उरकलेल्यांना निदान फराळ करायला हात मोकळे होते.

घरासाठी आणलेल्या भोपळ्याचंही थोडं नाट्य झालं. अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही, म्हणून नवऱ्याला मीटिंगमधून उठवलं. मग सासूबाईंनी गर चाखला आणि नापास केला: "पाणचट. याचे घारगे होणार नाहीत." बरोबरच होतं, कोरायचे भोपळे तसेच असतात. घारग्यांना बटरनट स्क्वॉश घ्या, रंग आणि गोडी दोन्ही जमतं.

रात्री पिशवी सतरंजीवर पालथी केली. जिलेटिनवालं एकीकडे, लेकाचं एकीकडे, आणि आजीने "मला नको" म्हणत बाजूला ठेवलेलं तिसरीकडे. पहिला ढीग सोमवारी ऑफिसच्या पँट्रीत जातो. तिथे आधीच दुसऱ्या आईबापांनी आणून टाकलेले ढीग असतात, आणि दुपारच्या मीटिंगपर्यंत ते आम्ही मोठी माणसंच संपवतो.