उन्हाळ्यात टायरची हवा कमी करू नका (आणि घरी करता येणारी बाकीची कामं)

मागच्या मे महिन्यात आईला घेऊन पंढरपूरला निघालो होतो, दुपारचे साडेबारा वाजले असतील, मोहोळच्या अलीकडं मागचा डावा टायर फुटला. स्पीड ८० च्या आसपास होता. गाडी एकदम एका बाजूला ओढायला लागली, ब्रेक न मारता नुसता एक्सलेटरवरचा पाय काढला आणि स्टेअरिंग घट्ट धरून ठेवलं म्हणून निभावलं. आई रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसून होती आणि मी त्या उन्हात स्टेपनी चढवत होतो, ते अजून डोळ्यासमोर येतं.

नवीन टायर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं फुटलेला टायर आतून दाखवला, आत रबराचा काळा भुगा साठला होता. म्हणाला, 'दादा, हा कमी हवेवर पळालाय.' आणि हवा मीच कमी ठेवली होती, कारण आमच्याकडं पारा ४३-४४ ला गेला की जो तो सांगतो, उन्हाळ्यात दोन-चार पॉइंट (हवेच्या दाबाचं माप, पीएसआय) कमी ठेवा, हवा गरम होऊन फुगते आणि टायर फुटतो. मीही वर्षानुवर्षं तेच करत आलो.

हे साफ चुकीचं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि परत सरळ होते, या सततच्या दबण्यानं टायर स्वतःच तापतो, वरून रस्ता तापलेला, गाडीत पाच माणसं आणि सामान, मग आतले थर सुटायला लागतात. कंपनीनं दिलेला आकडा थंड टायरचा असतो, पळून टायर गरम झाला की चार-पाच पॉइंट वाढणार हे धरूनच तो दिलेला असतो. त्यामुळं गरम टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही.

तो आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावरच्या स्टिकरवर सापडतो. टायरवर जो लिहिलेला असतो तो टायरला झेपणारा कमाल आकडा आहे, तेवढी भरायची नसते.

आता मी घरी हवा मोजायचा गेज ठेवलाय आणि सकाळी सातच्या आत, गाडी हलवायच्या आधी मोजतो. आमच्या जुळे सोलापुरातल्या घरासमोर सकाळचं ऊन एकाच बाजूला येतं, उशीर झाला की त्या बाजूचे दोन टायर दोन-तीन पॉइंट जास्त दाखवतात, हे मी स्वतः पाहिलंय. पंपावर जाईपर्यंत तर टायर गरम होतातच. म्हणून सोपा हिशोब: घरी २९ निघाली आणि पाहिजे ३३, तर ४ कमी आहेत, मग पंपावर काटा काहीही दाखवू दे, जे दाखवतोय त्यात ४ वाढवायला सांगायचं.

त्याच वेळी टायरवरून हात फिरवा. मधे जास्त झिजला असेल तर हवा जास्त राहिलीय, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकाच कडेनं खात असेल तर अलायमेंट, म्हणजे चाकांचा कोन बिघडलाय. जागोजागी खड्डे पडल्यासारखं लागलं तर बहुतेक वेळा शॉकअप (धक्के झेलणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेलेला असतो नाहीतर बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, बिघडलेलं असतं. नक्षीच्या खाचांमधे छोटे उंचवटे असतात, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिमी उरली, टायर बदलायचा. बाजूला फुगा दिसला तर त्या टायरवर गाडी चालवूच नका. आणि टायरच्या बाजूला डीओटी (DOT) लिहिलेल्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. माझ्या फुटलेल्या टायरची नक्षी चांगली होती पण वय सहा वर्षं होतं आणि बाजूला बारीक चिरा पडल्या होत्या, त्या मी बघितल्याच नव्हत्या.

चाक काढायचं असेल तर सपाट जागा, हँडब्रेक, गाडी गिअरमधे, आणि काढायच्या चाकाच्या तिरप्या बाजूच्या चाकाला मागून-पुढून दगड. नट आधी ढिले करायचे, मग जॅक. जॅक लावायची खाच दाराखालच्या पट्टीत असते, दुसरीकडं लावला तर पत्रा दबतो. बसवताना नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीनं नाही, आणि गाडी खाली घेतल्यावर पूर्ण आवळायचे. पाइप लावून किंवा पान्यावर उभं राहून आवळू नका, स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) ताणतात. ५०-१०० किलोमीटरनंतर परत एकदा पाना लावून बघा.

आता आवाजांचं. माझ्या गाडीला स्पीडब्रेकरवर नाही पण खराब रस्त्यावर पुढून खडखड यायची. एका गॅरेजनं दोन्ही शॉकअप बदलायला सांगितले. मी घरी पुढचा कोपरा जोरात दाबून सोडला, गाडी एकदा वर येऊन तिथंच थांबली, म्हणजे शॉकअप जिवंत होता (संपलेला असता तर दोन-तीन वेळा डुलली असती). मग खाली वाकून लिंक रॉड (चाकाजवळचा सस्पेन्शनचा छोटा दांडा) हातानं हलवला तर टकटक वाजला. शॉकअपच्या मानानं फारच किरकोळ खर्चात काम झालं.

तसंच, चाक जॅकवर असताना वर-खाली धरून हलवलं आणि खेळ (ढिलेपणा) लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा), डावी-उजवीकडं धरून लागला तर टायरॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा). पळताना घूं घूं आवाज येतोय आणि डावीकडं वळताना वाढतोय तर बहुतेक उजवं बेअरिंग, कारण वजन उजवीकडं जातं. ८०-१०० ला स्टेअरिंग थरथरलं तर आधी बॅलन्सिंग करून घ्या.

हे सगळं तपासणं घरी करा पण शॉकअपवरची स्प्रिंग उघडायला जाऊ नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जाऊ शकतो, ते काम स्प्रिंग दाबून धरणारा योग्य कॉम्प्रेसर असलेल्या मेकॅनिककडंच द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखालीही शिरू नका, पाच मिनिटांचं काम असलं तरी नको, जॅकस्टँड नसेल तर बाहेरूनच जेवढं दिसतं तेवढं बघा.

आणि हो, स्टेपनीची हवा. मोहोळला माझ्या स्टेपनीत १८ होती, तशीच हळूहळू गावापर्यंत आणली. आता चारांबरोबर पाचवा टायरही मोजतो.