उणे आठमधला पालक: जालन्याहून लेह

आपल्याकडे शेडनेट टाकायची ती ऊन अडवायला. लेहची माणसं ग्रीनहाऊसमध्ये ऊन साठवून भर हिवाळ्यात भाजी काढतात, ते बघायला फेब्रुवारीत मी आणि दाजी निघालो. जालन्याहून सचखंड एक्स्प्रेसनं दिल्ली, तिथून पहाटेचं विमान.

लेह 3500 मीटरवर आहे. पहिले दोन दिवस खोलीतच पडून राहा. दाजी ऐकतात व्हय! पहिल्याच दुपारी गोम्पाच्या, म्हणजे बौद्ध मठाच्या, पायऱ्या चढले अन् रात्रभर डोकं धरून बसले. बाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, पोस्टपेड न्या. हवा बिघडली की विमानं रद्द होतात, म्हणून परतीला एखादा दिवस मोकळा ठेवा.

तिसऱ्या दिवशी सिंधूकाठच्या एका गावात गेलो. सकाळचे दहा, बाहेर उणे 8. वाकून ग्रीनहाऊसमध्ये शिरलो तर चष्म्यावर वाफच धरली. पुसून बघतो तो पालक, कोथिंबीर, लेट्यूस, सगळं हिरवंगार. हीटर नाही, शेकोटी नाही.

गेलो होतो प्लास्टिक बघायला, अन् बघत बसलो भिंत. ग्रीनहाऊस पूर्व-पश्चिम लांब, दक्षिणेला तेवढं प्लास्टिक, बाकी तिन्ही बाजूंना कच्च्या विटांची दुहेरी भिंत. दोन भिंतींच्या मधल्या फटीत गवत-भुसा कोंबलेला. उत्तरेची भिंत आतून काळी. दिवसभर ऊन पिते, रात्री ऊब सोडते. पूर्वेचीही काळी, दुपारच्या उन्हासाठी. पश्चिमेची मात्र पांढरी, सकाळची किरणं वाफ्यावर परतवायला. दिवस कलला की प्लास्टिकवर पडदा ओढायचा. तो एक दिवस ओढायचा राहिला तर काय होतं, ते कोपऱ्यातल्या काळ्या पडलेल्या पानांनी दाखवलं.

मग दाजींनी वर बघितलं. "आरं, हे तर आपलं माळवद!" तसंच मातीचं छत: पॉप्लर झाडाचे वासे, त्यावर काड्या, गवत अन् माती. किलचनाच्या (वाशांवरच्या लाकडी तुकड्यांच्या) जागी विलो झाडाच्या काड्या, एवढाच फरक. आमचा वाडा पाडून पत्रे टाकले तेव्हा ती तीन फुटी मातीची भिंत फोडायला जेसीबी लागला होता. दाजी बराच वेळ गप्प होते.

घरच्या आमा-लेंची (लडाखीत आईला आमा-ले म्हणतात) मुलगी हिंदीत सांगत होती. पूर्वी हिवाळाभर खड्ड्यात पुरलेले बटाटे, सलगम अन् गाजरं यांवरच भागायचं. आपल्याकडे पालक हिवाळ्यात उघड्या रानात येतो म्हटल्यावर आमा-ले हसायलाच लागल्या.

जायचं तर थंडीतच जा. उन्हाळ्यात बरेच जण प्लास्टिक काढून ठेवतात, मग बघायला नुसत्या भिंती. ऊन वर येण्याआधी कुणाला दार उघडायला लावू नका, अन् आत शिरलात की लगेच ओढून घ्या. अन् परत येऊन हेच जसंच्या तसं शेतात बांधायला जाऊ नका. एप्रिलच्या 42 अंशांत पालक वाफ्यावरच शिजेल.

येताना आमा-लेंना मेथीचं बी देऊन आलो. उगवलं का, ते मुलीनं अजून कळवलं नाही.