'माह्यं आता काही खरं नाई'

मागच्या मे महिन्यात, कूलरच्या घरघरीत दुपार ढकलत असताना, माझ्याकडे भाषांतरासाठी बारा पानांची एक पुस्तिका आली. रक्त चढवले जात असताना रुग्णाजवळ बसलेल्या नातेवाइकांनी कशाकशावर लक्ष ठेवावे, हे तीत सांगितले होते. अंगावर पित्त उठणे, थंडी वाजून ताप येणे, कंबर दुखणे, लघवी लाल होणे, धाप लागणे ही लक्षणे एका बैठकीत मराठीत उतरली. परंतु यादीच्या शेवटी 'अ सेन्स ऑफ इम्पेंडिंग डूम' असे शब्द होते आणि तिथे मी तीन दिवस अडकून पडले.

हा कोणा हळव्या लेखकाचा शब्दविलास नव्हे. वैद्यकाच्या पुस्तकांत ते रीतसर लक्षण म्हणून नोंदलेले असते. चुकीच्या गटाचे रक्त चढले, एखाद्या औषधाची तीव्र ॲलर्जी उसळली किंवा हृदयविकाराचा झटका येत असला, तर काही रुग्णांना आता आपल्याला भयंकर काहीतरी होणार असे ठामपणे वाटू लागते, आणि म्हणूनच रक्त चालू असताना रुग्ण असे काही म्हणाला तर रक्त आधी थांबवायचे आणि मग कारण शोधायचे, असे परिचारिकांना शिकवलेले असते. मी प्रथम 'आसन्न विनाशाची भावना' असे लिहिले. मग काटोलकडून आईला घेऊन आलेला, रात्रभर खाटेशेजारी स्टुलावर बसलेला एखादा मुलगा ते वाचतो आहे असे डोळ्यांसमोर आणले आणि खोडून टाकले.

शब्द अडला की त्याचे कूळ पाहायचे, ही माझी जुनी खोड आहे. 'डूम' म्हणजे मुळात विनाश नव्हेच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ न्यायनिवाडा असा होता. इंग्लंडच्या राजाने 1086 साली जमीनजुमल्याची जी मोजदाद करवली, तिच्या दप्तराला 'डूम्सडे बुक' हे नाव पडले, ते त्यातल्या नोंदीवर अपील नाही म्हणून. 'इम्पेंडिंग' हा शब्द लॅटिनमधल्या टांगण्याच्या क्रियेतून आला आहे. म्हणजे निवाडा झालेला आहे आणि तो डोक्यावर लोंबतो आहे, असे ते चित्र. आपल्याकडेही टांगणे आहे, पण मराठीत संकट लोंबत नाही, जीवच टांगणीला लागतो. (टांगती तलवार आपण वापरतो खरी, पण ती ग्रीक गोष्टीतून आलेली पाहुणी आहे.)

'इम्पेंडिंग डूम'ची भावंडेही मग ओळीने पाहिली. शब्दकोशात 'फोरबोडिंग', 'प्रेमोनिशन' आणि 'ॲप्रिहेन्शन' या तिघांपुढे अनिष्टाची शंका, चाहूल, पूर्वसूचना असेच शब्द आलटून पालटून दिलेले असतात, आणि ही मला सरसकट आळशीपणाची गोष्ट वाटते. 'फोरबोडिंग'मध्ये जुन्या इंग्रजीतला 'बोडा', म्हणजे निरोप्या, दडलेला आहे. तिथे वाईट बातमी कोणीतरी आधी घेऊन येतो. 'प्रेमोनिशन'मध्ये इशारा देणे आहे, आणि अतिदक्षता विभागात खाटेच्या उशाशी टिकटिकणारा मॉनिटर त्याच लॅटिन धातूचा आहे, हे कळल्यावर मला त्या यंत्राविषयी उगाच आपुलकी वाटू लागली. 'ॲप्रिहेन्शन' म्हणजे पकडणे. पोलीस आरोपीला पकडतात तेही हेच. अस्थिरोगतज्ज्ञांची या नावाची एक तपासणीच आहे. ज्याचा खांदा निखळतो, त्याचा हात कोपरात वाकवून बाजूला उचलतात आणि हळूहळू मागे फिरवतात. दुखण्याच्या आधीच रुग्णाचा चेहरा ताठरतो आणि तो हात आखडून धरतो. सांधा निखळणार हे शरीराला कळलेले असते. डॉक्टर पाहतात ती वेदना नव्हे, ती धास्ती.

मराठीत या प्रांतात दारिद्र्य नाही. दुष्काळाचे सावट येते, ग्रहणाचे वेध लागतात, काळजात धस्स होते, पोटात गोळा येतो. परंतु पाल चुकचुकते ती बहुधा दुसऱ्याच्या हेतूविषयी, आणि धस्स होते ते बातमी ऐकल्यावर. अंगात सुई टोचलेला माणूस यांपैकी काय म्हणेल, हे मला कोणताच कोश सांगेना.

तेव्हा मी नागपुरातल्या महाल भागात मावशीकडे गेले. तिने सरकारी इस्पितळात तीस वर्षे स्टाफ नर्स म्हणून काढली आहेत. पन्ह्याचा पेला माझ्यापुढे ठेवून तिने माझा कागद वाचला आणि म्हणाली, "पेशंट कधी असा बोलते का गं? तो म्हणते, 'सिस्टर, माह्यं आता काही खरं नाई.' असं म्हटलं की मी आधी बाटलीचा चिमटा बंद करत होती, मग बीपी घेत होती." थोडे थांबून तिने त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगितली. रुग्ण असे बोलला की शेजारचे नातेवाईक त्याला दटावतात: अभद्र बोलू नको, शुभ बोल, देवाचे नाव घे. पाल चुकचुकली की आजी जमिनीवर बोट आपटून 'कृष्ण कृष्ण' म्हणत असे, त्याच ओढीने. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण प्रेमाची आहे, पण या खाटेशी ती घातक ठरू शकते.

मी लिहिले: 'रुग्ण फार अस्वस्थ होऊन "माझे आता काही खरे नाही" असे म्हणू लागल्यास ताबडतोब नर्सला बोलवावे.' त्याखाली आपल्या पदरचे एक वाक्य जोडले: 'अशा वेळी त्याला गप्प बसवू नये.'

अशा कामात तपासणीसाठी दुसरा अनुवादक मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत नेतो. तिकडून माझे वाक्य 'माझ्याबद्दल आता काहीच सत्य नाही' अशा अर्थाचे होऊन आले आणि त्यावर लाल शेरा होता: रुग्ण खोटे बोलत असल्याची कबुली देत आहे काय? दीड पानाचे स्पष्टीकरण पाठवल्यावर 'काही खरे नाही' वाचले. खालचे वाक्य मात्र मुळात नाही, या कारणाने गेले. आणि नियमाने पाहता ते जायलाच हवे होते, हे मलाही नाकारता येत नाही.

छापील प्रत मावशीला नेऊन दिली. चष्मा लावून तिने ते पान वाचले, मान डोलावली, पान उलटून पुढचेही पाहिले, मग परत मागे आली. "आणि गप्प बसवू नका, ते कुठं लिहिलं गं?"