तीळ राहू द्या, पुटकुळी जाऊ द्या

पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल ते काढा, राहणारं असेल ते ठेवा. फोटोशॉपमध्ये हेडशॉट, म्हणजे चेहऱ्याचा जवळून काढलेला फोटो, रीटच करताना एवढं पाळलं तरी निम्मा बिघाड टळतो. पुटकुळी, दाढी करताना लागलेलं ब्लेड, ओठांची सालं, नाकावर सांडलेलं कुंकू जाऊ द्या. तीळ, जुना व्रण, देवीचे वण राहू द्या. टिकलीजवळ तर फार जपून; हीलिंग ब्रश (शेजारची कातडी घेऊन डाग झाकणारा) तिच्या कडेला लागला की लाल रंग कपाळावर पसरतो.

काम नेहमी नव्या, रिकाम्या लेयरवर (फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक थरावर) करा. सॅम्पलची सेटिंग 'करंट अँड बिलो' (हा आणि खालचे लेयर), ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा, आणि सॅम्पल, म्हणजे उचललेली कातडी, डागाच्या शेजारचीच. गालावरची रंध्रं कपाळावर नेली की ठिगळ दिसतं. डोळ्यांखालची वर्तुळं वेगळ्या लेयरवर काढून त्याची ओपॅसिटी (लेयर किती ठळक दिसावा ते प्रमाण) ४० ते ५० टक्क्यांवर आणा. ती पूर्ण घालवली तर तिथला खळगाच बुजतो आणि चेहरा सुजल्यासारखा वाटतो.

सोलापुरात खरं काम वाढवतं ते ऊन. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी होटगी रोडवरून नवी पेठेत दुचाकीवर आलेल्या माणसाचं कपाळ आणि नाक चकाकणारच. त्याला दहा मिनिटं पंख्याखाली बसवा. घाम टिश्यूने टिपा, पुसू नका; घासलं की कातडी लाल होते. तरीही चमक उरली तर 'डार्कन' मोडचा (फक्त उजळ भाग गडद करणारा) लेयर घ्या, शेजारच्या चमक नसलेल्या कातडीचा रंग उचला आणि मऊ ब्रशने, ५ टक्के फ्लोवर (ब्रशमधून रंग थोडाथोडाच सुटेल असा), हलके हात फिरवा. मात्र चमक २५५ पर्यंत, म्हणजे पूर्ण पांढरी होईपर्यंत, जळली असेल तर तिथे पोतच शिल्लक नसतो आणि रंग चुन्यासारखा सपाट बसतो. म्हणून शूट करतानाच एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) अर्धा स्टॉप (प्रकाशाचं माप) कमी ठेवा.

दुसरी गोष्ट रापलेल्या चेहऱ्याची. कॉलरखालची मान उजळ, चेहरा सावळा. इथे हमखास "साहेब, जरा उजळ करा की" अशी मागणी येते. करू नका. चेहरा उजळतो, कान मात्र तसेच काळसर राहतात, आणि बघणाऱ्याची नजर नेमकी तिथेच अडकते. त्यापेक्षा गालाचा रंग घेऊन 'कलर' मोडमध्ये १५-२० टक्क्यांनी मानेवर फिरवा. रंगातला फरक निम्मा झाला की थांबा. सावळा रंग हा दोष नाही, आणि मुलाखतीला तोच चेहरा जाणार आहे.

फ्रीक्वेन्सी सेपरेशनची (ब्लर वापरून कातडीचा पोत आणि रंग वेगळ्या लेयरवर नेण्याची) हेडशॉटला क्वचितच गरज पडते. ब्लरची त्रिज्या जरा वाढली की नाक आणि गाल यांमधली सावली विरघळते आणि चेहरा मेणाचा होतो. त्याऐवजी दोन कर्व्ह्ज लेयर (उजेड कमी-जास्त करणारे) घ्या, एक उजळ, एक गडद. दोन्हींचे मास्क (लेयर कुठे दिसावा हे ठरवणारे) काळे करा आणि पांढऱ्या ब्रशने २-३ टक्के फ्लोवर डाग समतल करा. वेळ लागतो, पण कातडी कातडीच राहते.

दातांसाठी फक्त पिवळ्याचं सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) २० ते ३० ने कमी करा. डोळ्यांतलं पांढरं शर्टाच्या पांढऱ्यापेक्षा उजळ दिसता कामा नये.

शेवटी सगळे लेयर एका ग्रुपमध्ये टाकून ओपॅसिटी ७५ टक्क्यांवर आणा. फाइल एसआरजीबीमध्ये (मोबाइल आणि वेबवर चालणाऱ्या रंगपद्धतीत) सेव्ह करा, नाहीतर मोबाइलवर रंग फिके पडतात. पासपोर्टच्या फोटोला मात्र यातलं काहीच लावू नका.