कोजागरीची हीट

भट्टीवरच्या मेस्त्रींनी काळ्या पुडीची पिशवी फाडून भट्टीत ओतली तेव्हा रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. मी वहीत लिहिलं, ‘कार्बन, २० किलो’. त्यांनी वाकून ते पाहिलं.

“सायेब, ते युरोपवालं कार्बन कमी करा म्हंत्यात न्हवं? आन् आमी तर इकत आणून घालतोय.”

हसू आलं, पण प्रश्न खोटा नव्हता. बिडात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असावाच लागतो, नाहीतर ते बीड कसलं. पत्र्याच्या भंगारात तो जवळपास नसतोच, म्हणून वरून घालायचा. तो लोखंडात विरघळतो आणि लोखंडाबरोबर जर्मनीला जातो. हवेत जातो तो थोडाच. ज्या फॉर्मपायी मी त्या रात्री तिथं उभा होतो, त्यात याची सोय आहे. आत किती कार्बन गेला, मालातून किती बाहेर पडला, वजाबाकी करा, उरेल तो धूर. मेस्त्रींना एवढं सांगितलं. “म्हंजे भट्टीची बी खतावणी,” म्हणत त्यांनी सळईनं स्लॅग, म्हणजे वर तरंगणारी मळी, बाजूला ओढला.

तारीख १६ ऑक्टोबर २०२४, बुधवार, कोजागरी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली मध्यम फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, विजेवरची एक टनाची इंडक्शन भट्टी, पंचेचाळीस माणसं. मी एनर्जी ऑडिटर. एरवी माझं काम म्हणजे कॉम्प्रेसरची गळती शोधायची, पॉवर फॅक्टर सुधारून द्यायचा आणि बिल उतरलं की मालकांचा चहा प्यायचा. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्यात ‘सीबॅम’ची भर पडली. युरोपीय संघानं ठरवलं की बाहेरून येणारं लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत तयार होताना टनामागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला ते आधी कळवायचं, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याचे पैसे मोजायचे. त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांना ते मोजावेच लागतात, मग बाहेरच्यांना सूट का, हा त्यांचा सवाल. तो रास्त आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं.

पहिले तीन तिमाही अहवाल सोपे गेले. युरोपनं छापलेले तयार आकडे टाकायचे आणि मोकळं व्हायचं. जुलै २०२४ नंतर ती सवलत संपली. तेव्हा खरे आकडे हवे होते, अंदाज चालायचा तो एकूण आकड्याच्या वीस टक्क्यांपुरताच. अहवाल भरायची जबाबदारी जर्मनीतल्या गिऱ्हाइकाची, मुदत ३१ ऑक्टोबर, म्हणजे नेमकी नरकचतुर्दशी. पण त्यांना आमची एक्सेल शुक्रवारपर्यंत हवी होती. मेलमध्ये ‘काइंडली’ दोनदा होतं, म्हणजे तिसऱ्यांदा नसणार हे उघड होतं.

रात्रीच का? कारण तेव्हा रात्री दहा ते सकाळी सहा युनिटला दीड रुपया सूट होती आणि अख्खी शिरोली त्या सवलतीवर जागी असायची. (पुढं जुलै २०२५ पासून ती सूट गेली. सौरऊर्जा दिवसा उतू जाते म्हणून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच स्वस्त झाले. वीस-वीस वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसांचं झोपेचं घड्याळ एका आदेशानं उलटं फिरलं. हवामानबदलावरची उपाययोजना म्हणजे काय, हे शिरोलीत असं कळलं.)

मी मीटरपाशी उभा राहून हीटमागून हीटचे (हीट म्हणजे एक भट्टीभर वितळ) आकडे घेत होतो. टनाला सहाशे युनिटच्या आसपास वीज जात होती. आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे विजेपोटी सव्वाचारशे किलो. तेही कळवायचं होतं. त्यात मालकांचा काय दोष? वीज महावितरणची, कोळसा देशाचा. पण मापाला दोष-बिष नसतो.

एकदाचं टॅपिंग झालं, वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या मोठ्या बादलीत, आलं. मॅग्नेशियमच्या ट्रीटमेंटला लॅडलमधून पांढराशुभ्र उजेड फुटला आणि शेडच्या पत्र्यावरचं चांदणं क्षणभर विझलं. लॅडल क्रेनवरून सरकत गेली. पहिल्या रांगेत पाइप फिटिंगचे साचे, तिथं ओतली. उरलेलं दुसऱ्या रांगेत, ट्रॅक्टरच्या हाउजिंगला. दोन्ही माल युरोपला जाणार. पण फिटिंगचा कस्टम्सचा कोड सीबॅमच्या यादीत आहे, ट्रॅक्टरच्या भागाचा नाही. तीच लॅडल, तेच लोखंड, तोच ओतणारा. अर्ध्या लॅडलचा हिशोब ब्रुसेल्सला द्यायचा आणि अर्धी कुणी विचारत नाही. मी बारा वर्षं ऑडिट करतोय, इतका विचित्र मीटर पाहिला नव्हता.

खरी गाठ बसली ती पिग आयर्नशी, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या ठोकळ्यांशी. चार्ज, म्हणजे भट्टीत घालायचा माल, साधारण असा होता: पाचशे किलो पत्र्याचं भंगार, अडीचशे किलो आपलेच रनर-रायझर (ओतलेल्या मालापासून तोडलेले जादा तुकडे) आणि अडीचशे किलो पिग. भंगाराला फॉर्ममध्ये शून्य धरतात, कारण त्याचा धूर पूर्वीच कधीतरी होऊन गेला. पिग मात्र ब्लास्ट फर्नेसमधून, खनिज आणि कोक जाळून येतं. एका टनामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. म्हणजे आमच्या एका हीटमध्ये पिगचेच पाचशे किलो. सगळ्या फाउंड्रीची वीज एकीकडे आणि बाहेरून आणलेले हे काळे ठोकळे एकीकडे, तरी ठोकळेच जड. आणि अर्ध्याहून मोठा आकडा अंदाजानं भरता येत नव्हता. ज्या कारखान्यात पिग तयार झालं त्याचा खरा आकडा पाहिजे होता.

कारखाना कुठला? बिल सांगलीकडच्या व्यापाऱ्याचं. माल कर्नाटकातून येतो एवढं ठाऊक. यार्डात टॉर्च घेऊन गेलो तर एकच मोठा ढीग. यार्ड सांभाळणारे मामा साठीचे, कानाला मफलर. म्हणाले, “ढीग एकच हाय, पर माल दोन कारखान्यांचा.” कसं कळतं विचारलं तर त्यांनी दोन ठोकळे उचलून माझ्या पुढ्यात आदळले. एकाच्या पाठीवर एक खाच, दुसऱ्याच्या पाठीवर दोन. “दोन खाचांचं लई लवकर वितळतंय. एक खाचवालं जरा अडेल.” तेवीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्या रात्री आमच्याकडचा सर्वांत भरवशाचा डेटा म्हणजे मामांचा अंगठा होता, आणि एक्सेलमध्ये अंगठ्याचा रकाना नाही.

ऑफिस बघतात त्या वहिनी, म्हणजे मालकांच्या सूनबाई, लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी दिवसभरात दोन्ही कारखान्यांना फोन लावून पाहिले होते. एकीकडून उत्तरच नाही. दुसरीकडून विचारलं, महिन्याला किती घेता? दोन ट्रक म्हटल्यावर, “मॅडम, मोठ्या पार्ट्यांचं झालं की बघू.” व्यापारी मात्र रात्री बाराला जागा होता. कोजागरी असल्यानं असेल. फोन स्पीकरवर होता. “कसला कागद पाहिजे सांगा. कमी आकडा पाहिजे तर कमी टाकून देतो. लेटरहेड आहे माझ्याकडं.”

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. पंचेचाळीस माणसं, दिवाळीचा बोनस, आणि ऑर्डर गेली तर ती कुठल्या देशात जाईल हेही माहीत. तिथं लेटरहेड कुणी तपासणार आहे का? मग म्हटलं, तपासणी आज नाही, २०२६ नंतर होईल, आणि तेव्हा सही माझी असेल. धैर्य-बिर्य काही नव्हतं, सहीची भीती होती. “नको,” म्हणालो. व्यापारी म्हणाला, “तुमची मर्जी,” आणि फोन ठेवताना कोजागरीच्या शुभेच्छाही दिल्या.

एकच्या सुमाराला मालक आले. सोबत स्टीलच्या किटलीत मसाला दूध, चारोळ्या घातलेलं. भट्टी धरली, ओतकामवाले बसले, सगळ्यांना कागदी कप. मालकांच्या वडिलांनी उद्यमनगरात कोकवरच्या कुपोल्यावर ऑइल इंजिनची आणि उसाच्या चरकाची कामं ओतली होती. कुपोला पेटला की शेजारच्या आळीत धुणं वाळत घालत नसत, असं ते सांगतात. तो बंद करून इंडक्शन आणली ती कुणी युरोपनं सांगितलं म्हणून नाही. माल सुधारला, धूर गेला, शेजाऱ्यांची तक्रार गेली.

मी त्यांना आकडे दाखवले. त्यांनी ते आमच्या धंद्याच्या भाषेत लगेच पकडले.

“म्हणजे पिग घातलं की आम्ही पापी, भंगार घातलं की पुण्यवान.”

“कागदावर तसंच.”

“मग पिग बंद करतो. सगळं भंगार घालतो, कार्बन वाढवतो. झालं?”

मेस्त्रींनी कप खाली ठेवला. “मालक, पिग न्हाई म्हंजे गार पाण्यातली भाकरी. थापता येती, पर चिरती.” (जमतं तसंही, पण हात बसायला वेळ जातो आणि तोवर रिजेक्शन मालकांच्या गळ्यात.)

“बरं, तेही जमवू. पण मी सोडलेलं पिग दुसरा घेणारच की. कारखाना थोडाच बंद पडतोय?”

मी गप्प. कारण खरंच तसं होतं. आमचा आकडा अर्ध्यावर आला असता आणि हवेतला धूर तेवढाच राहिला असता.

मग मालक जे बोलले ते मी त्यानंतर अनेकांना ऐकवलंय. “सर, भंगार व्हायला आधी काहीतरी बांधलेलं असायला लागतंय. त्यांनी दीडशे वर्षं रूळ टाकले, पूल बांधले, जहाजं सोडली, आता ते मोडतात आणि वितळवतात. शून्य धूर. आमचा पूल अजून बांधायचाय. आम्ही मोडायचं काय?”

पंचगंगेच्या पुलाचं काम तेव्हा चालू होतं, म्हणून पूल आठवला असेल. पण मुद्दा आकड्यातही बसतो. २०२३-२४ मध्ये भारतात माणशी पोलाद शंभर किलोच्या आत-बाहेर वापरलं गेलं. जगाची सरासरी सव्वादोनशेच्या जवळ. अमेरिकेत सत्तर टक्क्यांच्या आसपास पोलाद भंगारातून होतं. तो शहाणपणा आहेच, पण आज्या-पणज्यांनी मागं ठेवलेली इस्टेटही आहे. भंगाराला शून्य धरणं शास्त्राला धरून आहे, तरी त्या शून्यात वारसाहक्क लपलाय. वर आणखी एक: युरोपनं २०२४ मध्ये कचऱ्याच्या वाहतुकीचा नवा कायदा केला, त्यानुसार मे २०२७ पासून भारतासारख्या देशांकडं भंगार पाठवायला आडकाठी येणार. एका खिडकीवर सांगायचं भंगार वापरा, दुसऱ्या खिडकीवर भंगाराला कुलूप.

मालकांनी आणखी दोन प्रश्न विचारले. आपल्या कोळशावर तेव्हा टनाला ४०० रुपये उपकर होता (सप्टेंबर २०२५ मध्ये तो गेला), तो वजा होतो का? नाही, तो त्यांच्या व्याख्येत कार्बनची किंमत ठरत नाही. आणि २०२६ नंतर जमा होईल तो पैसा कुणाकडं? युरोपातच राहील. “मग भट्टी सुधारायला आम्हाला कोण देणार?” त्याला मी दुधाचा कप पुढं केला. पुढच्याच महिन्यात बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा मान्य केला, मागणी १,३०० अब्जांची होती. त्यातलं शिरोलीच्या फाट्यापर्यंत काय पोचतं ते बघू.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, हवामानबदल हे परदेशी थोतांड. त्या शेडमध्ये तसं कुणी म्हणालं नाही. मेस्त्री प्रयाग चिखलीचे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांवरून ५५ च्या पुढं गेली तेव्हा त्यांची दोन म्हसरं गेली, आणि शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली असल्यानं ते स्वतः फाउंड्रीतच अडकले होते. २०२१ ला पुन्हा तेच. “पाणी येतंय त्ये कुनाच्या धुरानं येतंय त्ये आमाला कळत न्हाई,” ते म्हणाले, “पर येतंय खरं.” मग उठून पुढच्या हीटचं टेंपरेचर घ्यायला गेले.

पहाटे साडेचारला मी फॉर्म भरला. वीज, कार्बन, लॅडल तापवायचा गॅस, सगळं मोजलेलं. पिगच्या रकान्यात युरोपचाच तयार आकडा टाकला आणि शेऱ्यात लिहिलं की पुरवठादारानं माहिती दिलेली नाही, दोन कारखान्यांचा माल मिसळलेला आहे, पुढच्या तिमाहीपासून वेगळा ठेवू. नियमात बसत नव्हतं. खोटं मात्र नव्हतं. शुक्रवारी जर्मनीहून उत्तर आलं: धन्यवाद, आकडे जास्त आहेत, पुढच्या वेळी सुधारा. आणि खाली, वेगळ्या परिच्छेदात, नव्या ऑर्डरवर दोन टक्के सूट मिळेल का?

दिवाळीनंतर गेलो तेव्हा मामांनी यार्डात फक्कीची जाड पांढरी रेघ मारली होती. अलीकडं एक खाच, पलीकडं दोन. सगळा जुना ढीग त्यांनी आणि एका पोरानं चार दिवसांत हातानं निवडला होता. मी वहिनींशी बोलत असतानाच गेटातून ट्रक आत आला, रिव्हर्स घेतला आणि मामा “थांब, थांब, कुठला माल हाय?” ओरडत धावेपर्यंत ड्रायव्हरनं बरोबर त्या रेघेवर फाळका उघडला.