तुम्ही विचारलंत म्हणून: मी स्क्रिप्ट तशीच का पाठवत नाही

“मॅडम, तुमची ती बॅकअपची स्क्रिप्ट तेवढी व्हॉट्सॅपवर टाका ना.” दापोली, खेड, मंडणगड, जिथे जिथे मी सर्व्हर सांभाळते तिथून ही मागणी येते आणि मी टाकत नाही. (स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीने द्यायच्या आज्ञांची छोटी फाइल.) मग पुढचा प्रश्न ठरलेला: एवढ्याशा ओळींसाठी भाव का खाता? काहींना वाटतं, काम हातचं जाईल म्हणून लपवते. एकदा सगळं लिहूनच टाकते.

लपवण्यासारखं त्यात काय आहे? फाइलींची प्रत काढणारा आरसिंक, त्यांचा गठ्ठा बांधणारा टार, ठरल्या वेळी काम चालवणारा क्रॉन, जुने लॉग (मशीनच्या कामाच्या नोंदी) पुसणारी फाइंडची एक ओळ. हे सगळं कुणालाही मिळतं, मीही तसंच मिळवून शिकले. पण स्क्रिप्ट ज्या मशीनसाठी लिहिली त्या मशीनबद्दल तिने जे गृहीत धरलेलं असतं, ते तिच्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि आपल्याकडे काय करून गेलं, हे तुम्हाला सांगायला नको. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर तोवर बंदच होता. त्यात दोन डिस्क: एकीवर उबुंटू ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम, दुसरीवर खातेदारांच्या नोंदी. बॅकअप रोज रात्री बाहेरच्या यूएसबी डिस्कवर. स्क्रिप्ट गावातल्याच, पण पुण्यात नोकरीला असलेल्या एका मुलाने आपुलकीने पाठवलेली.

वीज आली, मशीन सुरू केलं. वादळात वीज अचानक गेल्यामुळे दुसऱ्या डिस्कची फाइल सिस्टीम (तिच्यावरच्या फाइलींची मांडणी) बिघडली होती. ती माउंट झाली नाही, म्हणजे मशीनला जोडली गेली नाही. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये ‘नोफेल’ (डिस्क जोडली नाही तरी अडू नको) लिहिलेलं असल्यामुळे मशीन तसंच पुढे चालू झालं. (तो पर्याय मुद्दाम घातलेला होता आणि त्यात गैर काही नव्हतं.) डिस्क जिथे जोडली जायची ती डिरेक्टरी (फोल्डर) होतीच, फक्त रिकामी. सॉफ्टवेअरमध्ये खाती दिसेनात, तेव्हा उद्या बघू म्हणून माणसं घरी गेली. घरांवर अजून ताडपत्र्या होत्या. रात्री क्रॉनने आरसिंक चालवला, ‘डिलीट’ पर्यायासकट. मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही काढून टाक, असं तो पर्याय सांगतो. मूळ जागी काहीच नव्हतं. वाचताना डिस्कने एरर दिली असती तर आरसिंकने पुसणं टाळलं असतं, पण रिकामी डिरेक्टरी म्हणजे त्याच्या लेखी एरर नव्हे.

सकाळी मला बोलावलं. यूएसबी डिस्क उघडली तर आत एकही फाइल नाही. मूळ डिस्क पुण्याला दुरुस्तीला गेली. जुन्या वर्षांचं बरंचसं परत मिळालं, अलीकडच्या महिन्यांचं नाही. मग पासबुकं गोळा करणं सुरू झालं. पानं भिजून एकमेकांना चिकटलेली. पिग्मी एजंटांच्या पावत्या काढल्या, त्यावरून आकडे जुळवले. एक काकी आल्या, त्यांचं पासबुक घराच्या छपराबरोबर गेलेलं. व्यवस्थापक म्हणाले, “काकी, किती होते ते सांगा, तेवढे लिहितो.” त्या म्हणाल्या, “मला कुठे वाचता येतं? तुमच्याकडेच होतं ना सगळं?” मी शेजारच्या टेबलावर होते. तेव्हापासून कुणी “तशीच पाठवा” म्हणालं की मला हेच ऐकू येतं.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या मशीनवर एकच डिस्क होती, तिथे हे घडूच शकलं नसतं. आपल्याकडे एक ओळ जास्त हवी होती: डिस्क खरंच जोडलेली आहे का हे ‘माउंटपॉइंट’ या आज्ञेला विचारायचं, नसेल तर तिथेच थांबायचं. आरसिंकच्या ‘मॅक्स-डिलीट’ पर्यायाने पुसण्यावर मर्यादाही घालता आली असती. आणि रोजच्या पुसापुशीतून सुटलेली एक जुनी प्रत वेगळी ठेवायला हवी होती.

“सेट -यू लावलं की झालं,” असं मला ऐकवलं जातं, म्हणजे चूक दिसताच स्क्रिप्ट थांबवणारी ती ओळ वर घातली की पुरे. नाही होत. 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम्सच्या अ‍ॅपच्या स्क्रिप्टने लोकांच्या फाइली पुसल्या, कारण फोल्डरचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव) रिकामं राहिलं आणि ‘आरएम -आरएफ’ ही न विचारता सगळं पुसणारी आज्ञा थेट रूटपासून, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरपासून सुरू झाली. ‘सेट -यू’ फक्त न नेमलेलं व्हेरिएबल पकडतं. इथे ते नेमलेलं होतं, आत काही नव्हतं. त्यासाठी नावापुढे कोलन आणि प्रश्नचिन्ह लावावं लागतं, म्हणजे रिकाम्यालाही अडवलं जातं. या गोष्टी स्क्रिप्ट पाठवून पोचत नाहीत, शेजारी बसून दाखवाव्या लागतात.

पण वादळाआधीची मी, मागेल त्याला पेनड्राइव्ह भरून देणारी, हे ऐकून गप्प बसली नसती. ती म्हणाली असती: तुला कोण शेजारी बसवून शिकवायला आलं होतं? अनोळखी माणसांनी उघड्यावर ठेवलेल्या तुकड्यांवरच शिकलीस ना? तू नाही दिलंस तर लोक दुसरीकडून घेतील, आणि त्यात तुझ्या तपासण्याही नसतील. याला माझ्याकडे धड उत्तर नाही. मात्र तिने ती पासबुकं पाहिली नव्हती.

हल्ली मी मधला मार्ग काढते. तपासण्या घालून पाठवते, पण सगळ्यात वर ‘एक्झिट 1’ (इथेच थांब) ठेवते आणि त्याखाली लिहिते: पुढचं वाचा, आपल्या डिस्कशी ताडून पाहा, मग ही ओळ काढा. परवा मंडणगडहून एका सरांचा फोन आला. “मॅडम, ती वरची ओळ काढली की चालते, बरोबर ना?” मी विचारलं, खालचं वाचलंत का. म्हणाले, वाचतो. त्यांच्या मशीनला डिस्क किती, ते मी लगेच विचारून घेतलं. त्यांना माहीत नव्हतं. या शनिवारी जाते आहे.