इंद्र पण सोसायटीचा चेअरमनच होता

दत्ताच्या फोटोत चार कुत्री असतात, ती चार वेद आहेत असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. आमच्या सोसायटीत निम्म्या घरांत तो फोटो आहे, गुरुवार करणारे पण भरपूर, आणि खाली पार्किंगमध्ये लाली या भटक्या कुत्रीने पिल्लं घातली की ग्रुपवर "उचलून न्यायला सांगा" म्हणून पहिला मेसेज टाकणारेही यातलेच असतात. वेदांनी फ्रेममध्येच राहावं, खाली उतरून गाडीच्या टायरवर पाय वर करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं!

मला अशा वेळी हटकून महाभारताचा शेवट आठवतो. द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडले, युधिष्ठिर एकटा चालतोय आणि मागे एक कुत्रं. इंद्र रथ घेऊन येतो, म्हणतो बस, पण कुत्रं सोड, कुत्री पाळणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. म्हणजे अगदी आमच्या चेअरमनचा नियम. आणि युधिष्ठिर काय म्हणतो बघा, हा कुत्रा पवित्र आहे वगैरे काही बोलत नाही तो, तो म्हणतो हा माझ्या भरवशावर आलाय, आसऱ्याला आलेल्याला मी टाकणार नाही, स्वर्ग राहिला तरी चालेल. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता हे नंतर कळतं, त्याला आधी माहीत नव्हतं, खरी गोष्ट तिथेच आहे.

गंमत म्हणजे महाभारताच्या सुरुवातीला पण कुत्रंच आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. जनमेजय राजाचा यज्ञ चालू असतो, सरमा नावाच्या कुत्रीचं पिल्लू तिथे येतं, त्याने ना यज्ञातलं तूप चाटलेलं ना त्याच्याकडे बघितलेलं, तरी राजाचे तीन भाऊ त्याला मारतात, ते रडत आईकडे जातं. सरमा थेट यज्ञात येऊन विचारते, माझ्या पोराचा गुन्हा काय? कोणाकडेच उत्तर नसतं, मग ती शाप देते की ध्यानीमनी नसताना तुझ्यावर भय येईल. एवढ्या मोठ्या राजाला जाब विचारणारी कुत्री, आणि ऋग्वेदात इंद्राच्या चोरलेल्या गायींचा माग काढते ती हीच सरमा.

आता शास्त्रात सगळीकडे कुत्र्याचे लाडच केलेत असं नाही हं, नैवेद्याला त्याने तोंड लावलं तर तो बाद, विटाळ वगैरे सगळं आहेच. पण विटाळ मानला तरी वाटा काढून ठेवलाय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. श्राद्धाच्या पंचबलीत गाय आणि कावळ्याबरोबर कुत्र्याचं पण पान असतं, यमाच्या श्याम आणि शबल या दोन कुत्र्यांच्या नावाने. पितृपक्षात गंगेवर (म्हणजे गोदावरीवर, नाशिककरांना सांगायला नको) रामकुंडापाशी बघा, सगळे मान वर करून कावळ्याची वाट बघत उभे. कावळा शिवला नाही तर जीव कासावीस होतो, कुत्र्याचं पान मात्र कुठेतरी कोपऱ्यात ठेवून मोकळे, आणि ते खायला खरोखरचं कुत्रं आलं की हाड हाड!

बरं, खायला काय द्यायचं यावर पण बोलायला हवं. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळवली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. गोष्ट गोड आहे पण तुम्ही तूप देऊ नका, पोट बिघडतं. बिस्किटांचे पुडे पण नकोत, भात-पोळी, उकडलेलं अंडं, आणि उन्हाळ्यात पाण्याचं भांडं, बास. आणि आपल्या नाशिकची खास गोष्ट म्हणजे द्राक्षं! सीझनला निफाड-दिंडोरीकडून पाहुणे क्रेटच्या क्रेट आणतात, गळालेले मणी कोणीतरी प्रेमाने कुत्र्यांपुढे टाकतं. द्राक्षं, बेदाणे, मनुके कुत्र्यांच्या किडनीला विषासारखे असतात, थोडे खाल्ले तरी काही कुत्री दगावतात, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत असायला पाहिजे.

नुसतं खाऊ घालणाऱ्यांवर पण माझा राग आहे. कुत्री दोन महिन्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं, त्यातली बरीचशी गाडीखाली नाहीतर पार्वो विषाणूच्या आजाराने जातात. तुम्ही पुण्य म्हणून दूध ठेवता आणि नसबंदीचा विषय काढला की "निसर्गात ढवळाढवळ कशाला". अहो, मग गाड्या काय निसर्गाने आणल्या का? २०२३ च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांत सरळ लिहिलंय, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. कानाला खाच दिसली की समजायचं झालेलं आहे. उचलून लांब सोडलं तर मोकळ्या जागेत दुसरी, बिनलसीची कुत्री येतात, आणि भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस असेल तर रेबीजची साखळी तुटते. खाऊ घालायची जागा पण ठरवायची असते, जिना, गेट आणि मुलं खेळतात ती जागा सोडून, यात चेअरमनचं म्हणणं बरोबरच आहे. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ ला ठरलेल्या जागीच खाऊ घाला म्हटलं, मग नोव्हेंबरमध्ये शाळा, हॉस्पिटल, स्टँड, स्टेशन इथली कुत्री हलवायला सांगितली. ज्यांच्या पोराला कुत्रं चावलंय त्यांना धर्मराजाची गोष्ट सांगून उपयोग नाही, त्यांची भीती खरी आहे. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच लस, हळद-चुना-मिरची काही भरू नका.

यंदा दत्त जयंतीच्या वर्गणीतून लाली आणि तिच्या बहिणीची नसबंदी करून घेऊ असं मी मीटिंगमध्ये मांडलंय. मांडववाले आणि प्रसादवाले गप्प बसले, चेअरमन म्हणाले देवाचे पैसे कुत्र्यांवर कसे घालायचे, मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. पुढची मीटिंग रविवारी आहे.